'लिटरली' आणि 'अक्षरशः' : वाच्यार्थाची ग्वाही देणाऱ्या शब्दाचा प्रवास

इंग्रजीतील काही क्रियाविशेषणे अशी आहेत की त्यांच्यावरून व्याकरणकार, कोशकार आणि वृत्तपत्रांचे वाचक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. 'लिटरली' हे त्यांतील अग्रगण्य होय. हा वाद इंग्रजी भाषकांचा घरगुती वाद म्हणून आपण सोडून देऊ शकलो असतो. परंतु दोन कारणांमुळे मराठीच्या अभ्यासकाला तसे करता येत नाही. एक म्हणजे इंग्रजी-मराठी व्यवहारात या शब्दाचा पर्याय म्हणून आपण 'अक्षरशः' हा शब्द जवळजवळ यांत्रिकपणे वापरतो आणि त्या शब्दाचीही वाटचाल आज त्याच दिशेने चाललेली दिसते. दुसरे असे की, ज्या घटनेला इंग्रजी व्याकरणकार 'चूक' म्हणून बाजूला सारतात तिचे अधिक समाधानकारक विवेचन करण्याची सामग्री भारतीय काव्यशास्त्राजवळ आहे. ती वापरण्याचे आपण मनावर घेतलेले नाही, एवढेच. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याच्या उपयोजनाचे टप्पे पाहून मराठीतील समीक्षा, संशोधन आणि अनुवाद यांच्या संदर्भात एक भूमिका मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. 'लिटरल' या विशेषणाच्या मुळाशी लॅटिनमधील 'लिट्टेरा', म्हणजे लिपीतील वर्ण, हा शब्द आहे. उत्तरकालीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच या मार्गाने तो इंग्रजीत आला. आरंभी त्याचे क्षेत्र मर्यादित आणि बरेचसे धर्मशास्त्रीय होते. मध्ययुगीन ख्रिस्ती मीमांसेत पवित्र ग्रंथाच्या अर्थाचे चार स्तर मानले जात : शाब्दिक, रूपकात्मक, नैतिक आणि पारलौकिक. यांतील पहिला स्तर तो 'लिटरल'. म्हणजे हा शब्द जन्मतःच अर्थमीमांसेचा पारिभाषिक शब्द होता. त्याचे काम वाक्याला जोर देण्याचे नव्हे, तर अर्थाची पातळी सांगण्याचे होते. त्याला जोडलेला 'ली' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतील 'लीच' या रूपापासून आला असून त्याच्या मुळाशी 'देह, आकार' या अर्थाचा शब्द आहे. गंमत अशी की उपमावाचक 'लाइक', म्हणजे आपला 'सारखा', हाही शब्द त्याच मुळातून निघाला आहे. 'सारखा नव्हे, तोच' असे ठासून सांगणाऱ्या शब्दाच्या शेपटातच 'सारखा' दडून बसलेला आहे.

'अक्षरशः' या शब्दाची घडण वेगळी आहे. 'अक्षर' म्हणजे जे क्षरत नाही ते, ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. परंतु संस्कृत परंपरेत अक्षर हे मुळात उच्चारित असते. ते लिपिचिन्ह नंतर होते. युरोपीय 'लिट्टेरा' डोळ्यांसमोरची आहे, तर आपले अक्षर आधी कानांवर येते. त्याला लागलेला 'शस्' हा तद्धित प्रत्यय पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.४.४३) वीप्सेच्या अर्थी सांगितला आहे. वीप्सा म्हणजे एकेकाला व्यापण्याची इच्छा. 'क्रमशः', 'शब्दशः' हे शब्द त्याच प्रत्ययाचे. तेव्हा 'अक्षरशः' म्हणजे एकेक अक्षर धरून, एकही न गाळता. इंग्रजी शब्दात अर्थाच्या पातळीचा निर्देश आहे, तर संस्कृत शब्दात मोजदादीचा काटेकोरपणा आहे. कोशात हे दोन शब्द समोरासमोर बसत असले तरी त्यांची कुळे भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता उपयोजनाकडे वळू. इंग्रजी साहित्यातील या क्रियाविशेषणाच्या वापराचे स्थूलमानाने तीन टप्पे करता येतात. पहिला टप्पा मीमांसेचा : 'या वचनाचा वाच्यार्थच घ्यावा' अशी सूचना देण्याचा. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात शब्दाला हाच मान आहे. आलंकारिक नव्हे तो अर्थ, आणि शब्दाला धरून राहणे, एवढ्यावर तो थांबतो.

दुसरा टप्पा अधिक लक्षणीय आहे. रूढ झालेल्या आणि म्हणून निर्जीव बनलेल्या वाक्प्रचाराला हे क्रियाविशेषण पुन्हा त्याच्या देहात आणून बसवते. ड्रायडनने १६८७ च्या 'द हाइंड अँड द पँथर' या काव्यात प्रार्थनेतील रोजच्या भाकरीचा उल्लेख करताना हा शब्द योजला आहे. प्रार्थनेत सारेच ती भाकर मागतात. पण येथे बोलणारीच्या घरी धान्याचे कोठार नाही, म्हणून तिचे मागणे शब्दाला शब्द खरे आहे. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (१८४७) या कादंबरीच्या अखेरीस याहून हृद्य उदाहरण सापडते. रॉचेस्टर अंध झालेला आहे. विवाहानंतर जेनच त्याची दृष्टी बनते. तो तिला आपल्या डोळ्यांतील बाहुली म्हणत असे, आणि जेन म्हणते की मी तशी 'लिटरली' होते. प्रियकराच्या तोंडची घासून गुळगुळीत झालेली उपमा त्या एका क्रियाविशेषणाने अपंगत्वाच्या आणि सहजीवनाच्या वास्तवाला येऊन भिडते. हा वापर वाच्य की लक्ष्य, असा प्रश्न केल्यास उत्तर 'दोन्ही' असेच द्यावे लागते.

तिसरा टप्पा शुद्ध अतिशयाचा. तो अलीकडच्या तरुण पिढीने निर्माण केला, ही समजूत चुकीची आहे. फ्रान्सेस ब्रुक या लेखिकेच्या १७६९ मधील 'द हिस्ट्री ऑफ एमिली माँटेग्यू' या कादंबरीत, सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात येऊन पडलेल्या पुरुषाविषयी, बायबलमधील प्रेमगीतांतला कमळांमध्ये चरण्याचा संकेत या क्रियाविशेषणासह वापरला आहे. तेथे कोणी चरत नाही हे लेखिकेला आणि वाचकाला सारखेच ठाऊक आहे. मार्क ट्वेनने १८७६ मध्ये टॉम सॉयरला याच शब्दाच्या जोडीने संपत्तीत लोळवले. ती संपत्ती म्हणजे गोट्या, निळ्या बाटलीच्या काचेचा तुकडा, एका डोळ्याचे मांजराचे पिल्लू आणि कोणतेच कुलूप न उघडणारी किल्ली! येथे विनोदच मुळी त्या शब्दावर उभा आहे. तो काढला तर निवेदकाचे मिस्कील गांभीर्य नाहीसे होते.

कोशकारांनी आणि शुद्धिवाद्यांनी याची दखल घेतली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०९ मध्ये अमेरिकेतील वेबस्टरच्या बृहत्कोशाने या वापराची नोंद केली, आणि त्याच वर्षी अँब्रोज बियर्सने आपल्या 'राइट इट राइट' या पुस्तिकेत त्यावर कोरडे ओढले. १९२६ मध्ये फाउलरने आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगकोशात आक्षेप नेमका मांडला : जेथे 'शब्दशः नव्हे, पण एका परीने' असे म्हणायला हवे, तेथे आपण ज्या शब्दाचा निषेध करायचा तोच शब्द घालून मोकळे होतो. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने आपल्या सुधारित नोंदीत हा अनौपचारिक अर्थ नोंदविला. २०१३ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांच्या ध्यानात आली, तेव्हा भाषेचा अंतकाळ ओढवल्यासारखा गहजब झाला. अडीचशे वर्षे चालत आलेल्या प्रयोगावर दोन वर्षे उशिरा झालेला हा आक्रोश होता.

फाउलरचा आक्षेप तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु तो घटनेचे वर्णन करतो, उलगडा करीत नाही. वाच्यार्थाची ग्वाही देणारा शब्द वाच्यार्थ जेथे मुळीच संभवत नाही नेमका तेथेच का यावा, हा खरा प्रश्न आहे. येथे मम्मटाने सांगितलेल्या लक्षणेच्या अटी आठवाव्यात : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'गंगेवर गवळीवाडा' या पारंपरिक उदाहरणात प्रवाहावर वाडा संभवत नाही म्हणून आपण तीर हा अर्थ घेतो, आणि शीतलता व पावित्र्य यांची प्रतीती हे तेथील प्रयोजन असते. आता समजा, कोणी म्हणाले, 'बातमी ऐकून तो अक्षरशः दगड झाला'. दगड होण्याचा मुख्यार्थ बाधित आहेच. शिवाय 'अक्षरशः' हा शब्द त्या बाधालाच नाकारू पाहतो. ऐकणारा क्षणभर अडतो, आणि त्या अडखळण्यातूनच अतिशयाची प्रतीती होते. म्हणजे हा शब्द लक्षणेला मोडीत काढत नाही. तिच्या पहिल्या अटीवर ताण आणून तिचे प्रयोजन तीव्र करतो.

याहून महत्त्वाचा दाखला उत्प्रेक्षेचा आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या दुसऱ्या परिच्छेदात उत्प्रेक्षा सुचविणाऱ्या शब्दांची जी यादी दिली आहे, तीत 'ध्रुवम्' आणि 'नूनम्' हे निश्चयवाचक शब्द आहेत. खात्री सांगणारा शब्द कल्पनेचा वाचक ठरतो, हे निरीक्षण आपल्या आलंकारिकांनी हजार वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. त्यांना त्यात दोष दिसला नाही, अलंकार दिसला. जेथे खरोखरच निश्चय असतो तेथे तो बोलून दाखवण्याची फारशी गरज पडत नाही. कवी तो बोलून दाखवतो तेव्हा सहृदय वाचक सावध होतो आणि कल्पनेच्या प्रदेशात पाऊल टाकतो.

मराठीच्या घरातही अशी उदाहरणे विपुल आहेत. 'साक्षात' या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांसमक्ष, डोळ्यांनी दिसेल असा. तरीही 'साक्षात लक्ष्मी घरात आली' असे नव्या सुनेविषयी म्हणताना देवीचे दर्शन झाल्याचा दावा कोणी करीत नाही. 'प्रत्यक्ष देवच धावून आला', 'मूर्तिमंत सात्त्विकता' हे प्रयोग त्याच जातीचे. डोळ्यांची साक्ष काढणारे हे शब्द रूपकाच्या सेवेत रुजू झाले, त्यावर कोणी शुद्धिवाद्याने मोहीम काढल्याचे दिसत नाही. इंग्रजीतील 'व्हेरी' हा शब्द तर लॅटिनमधील 'सत्य' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. चौसरच्या काळी तो 'खरा' या अर्थाने विशेषण म्हणून वावरत होता, आणि आज केवळ 'फार' एवढाच त्याचा अर्थ उरला. सत्यवाचक शब्दांनी अतिशयवाचक होणे हा भाषेचा नित्याचा क्रम आहे. तेव्हा 'लिटरली'चा तिसरा अर्थ 'चुकीचा' आहे असे म्हणण्यास इतिहासाचा किंवा शास्त्राचा आधार नाही, असे माझे मत आहे.

मात्र एवढ्यावरून सर्वत्र सर्व चालेल असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अलंकार म्हणून जे ग्राह्य, ते प्रमाण म्हणून ग्राह्य असतेच असे नाही. या ठिकाणी अनुवाद आणि संशोधन अशी दोन क्षेत्रे स्वतंत्रपणे पाहिली पाहिजेत.

अनुवादाच्या दृष्टीने जेम्स जॉइसच्या 'द डेड' (१९१४ च्या 'डब्लिनर्स'मधील अखेरची कथा) या कथेचा आरंभ उद्बोधक आहे. मॉर्कन भगिनींच्या वार्षिक मेजवानीत पाहुण्यांची ने-आण करताना लिली या कामकरी मुलीची जी धावपळ होते, ती पहिल्याच वाक्यात 'लिटरली' या क्रियाविशेषणासह सांगितली आहे. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण शब्द लिलीचा आहे. सुशिक्षित निवेदक असा बोलला नसता. ह्यू केनर या समीक्षकाने 'जॉइसेस व्हॉइसेस' (१९७८) या पुस्तकात या निवेदनपद्धतीचे विवेचन केले आहे : निवेदन ज्या पात्राजवळून जाते त्या पात्राची बोली त्याला चिकटते. म्हणजे तो एक 'चुकीचा' शब्दच कथेतील दृष्टिकोनाची पहिली खूण आहे.

याचा मराठी अनुवाद करताना कोशातला 'अक्षरशः' उचलून ठेवला तर काय होईल? इंग्रजीत तो शब्द कामकरी मुलीच्या तोंडी शोभतो. मराठीत मात्र 'अक्षरशः' हा विसर्गासह येणारा, लेखी आणि शिकलेल्या माणसाचा शब्द आहे. तो घातला की लिलीचा आवाज नाहीसा होऊन तेथे मराठीचा प्राध्यापक बोलू लागतो. शब्द राहतो आणि शब्दाचे कार्य हरवते. येथे मराठी बोलीतले 'नुसता' हे अव्ययासारखे वापरले जाणारे विशेषण अधिक उपयोगी पडेल. 'लिलीच्या पायांचे नुसते तुकडे पडायची पाळी आली होती' असे काहीसे म्हटले, तर वाक्यात ती मुलगी उभी राहते. 'नुसता' म्हणजे मुळात 'केवळ'. त्यानेही 'केवळ'पासून 'अतिशय'पर्यंतचा पल्ला आपल्या वाटेने गाठलेला आहे. 'पार', 'निव्वळ', 'अगदी' हे त्याचे सोबती. उलट 'जेन एअर'मधील वाक्यासाठी यांपैकी एकही शब्द चालणार नाही. तेथे 'शब्दशः' किंवा 'खरोखरीच' असा वाच्यार्थाला घट्ट धरणारा शब्दच हवा. मूळ शब्द एक, पण त्याची कार्ये भिन्न. म्हणून पर्यायही भिन्न. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) 'वगैरे' हा शब्द कोशार्थाने पाहणाऱ्या अनुवादकाच्या हातून पांडुरंग सांगवीकर जसा निसटेल, तशीच येथे लिली निसटते. क्रियाविशेषणे आणि अव्यये ही निवेदनाची क्षुल्लक भर नसून अनेकदा आवाजाची ओळख तेथेच पटते, हे पदव्युत्तर वर्गात शिकवताना ठसवण्याजोगे आहे.

संशोधनाचे क्षेत्र मात्र निराळी शिस्त मागते. समीक्षेत आणि प्रबंधांत अलीकडे 'अक्षरशः'चा वापर सैल झाला आहे. 'या कादंबरीने वाचकाला अक्षरशः हादरवून सोडले' हे वाक्य फार तर निरर्थक आहे, घातक नाही. परंतु 'या दोन अभंगांचे पाठ अक्षरशः जुळतात' असे कोणी लिहिले तर ते विधान पाठचिकित्सेचे आहे. संतसाहित्याच्या हस्तलिखितांत एका अक्षराचा फरकही पाठाची परंपरा आणि प्रतींचे परस्परनाते ठरवू शकतो. तेथे 'अक्षरशः' म्हणजे वीप्सेने, एकेक अक्षर ताडून पाहून, असाच अर्थ असला पाहिजे. लेखकाने 'बरेचसे सारखे' या अर्थी तो शब्द वापरला असेल, तर पुढच्या अभ्यासकाने तो पुरावा म्हणून घ्यावा की अलंकार म्हणून?

याहून गंभीर बाब वाङ्मयचौर्याच्या आरोपाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांत साम्याचे स्तर ठरवून दिले आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्के या मर्यादांनुसार कारवाई वाढत जाते. अशा काळात 'हे प्रकरण अमुक ग्रंथातून अक्षरशः उचलले आहे' हे परीक्षकाच्या अहवालातील वाक्य एखाद्या विद्यार्थ्याची पाच वर्षे पुसून टाकू शकते. मांडणी उचलली, उदाहरणे उचलली की वाक्येच्या वाक्ये उचलली, हे तीन निरनिराळे आरोप आहेत आणि त्यांचे नैतिक वजनही निरनिराळे आहे. परीक्षकाच्या मनातील संताप त्या क्रियाविशेषणात उतरला आणि वाचणाऱ्या समितीने ते वाच्यार्थाने घेतले, तर झालेला अन्याय कोणत्या लक्षणेने दूर करणार? उत्प्रेक्षा काव्यात शोभते; न्यायनिवाड्यात तिला जागा नाही.

यावर असे म्हणता येईल की संदर्भावरून अर्थ कळतोच. ललित लेखनात आणि बोलण्यात तो कळतो, कारण मुख्यार्थाचा बाध तेथे उघड असतो. माणूस दगड होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु दोन पाठ तंतोतंत जुळणे किंवा प्रकरण जसेच्या तसे उचलले जाणे हे पूर्णपणे संभवनीय आहे. तेथे मुख्यार्थ बाधित नाही. म्हणून लक्षणेकडे वळण्याची सूचनाच वाचकाला मिळत नाही. अलंकारिक 'अक्षरशः' निर्धोक कुठे आणि धोक्याचा कुठे, याची कसोटी हीच : जेथे वाच्यार्थ अशक्य, तेथे तो खुशाल यावा, जेथे वाच्यार्थ शक्य, तेथे तो खराच असला पाहिजे.

सुदैवाने मराठीला इंग्रजीपेक्षा एक सोय अधिक आहे. आपल्याजवळ 'शब्दशः' हा सख्खा भाऊ आहे, आणि त्याने आपला काटेकोरपणा बराचसा टिकवून धरलेला आहे. 'शब्दशः भाषांतर' म्हटले की कोणाचाही गोंधळ होत नाही. 'पाऊस शब्दशः कोसळत होता' असे कोणी म्हणत नाही. ही श्रमविभागणी भाषेने आपण होऊनच केली आहे. संशोधनपर लेखनात नेमकेपणासाठी 'शब्दशः', 'जसेच्या तसे', 'एकाही अक्षराचा फरक न करता' असे प्रयोग करावेत आणि 'अक्षरशः' वापरायचेच झाले तर प्रत्यक्ष ताडून पाहिल्यावाचून वापरू नये, एवढे पथ्य विभागीय पातळीवर पाळणे अवघड नाही. ललित गद्यात आणि बोलण्यात त्या शब्दाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

वर्गातील तरुण आज 'मी लिटरली मेले' असे म्हणतात, तेव्हा अध्यापकांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी इंग्रजी शब्दाच्या घुसखोरीबद्दल असेल तर तो वेगळा विषय आहे. परंतु ती तर्कदोषाबद्दल असेल, तर त्या विद्यार्थिनीच्या पाठीशी दंडी उभा आहे, हे अध्यापकांनी विसरू नये. तिचे वाक्य तपासण्यापेक्षा तिच्या प्रबंधातील 'अक्षरशः' तपासणे, आणि त्याआधी तिच्या प्रबंधावरील आपल्या अहवालातील 'अक्षरशः' तपासणे, अधिक अगत्याचे आहे.